बॅरिएट्रिक सर्जरीनंतर पाणी जात नाही, परत परत चक्कर येते: नेमकं कुठं अडतंय ते असं शोधा

वजनाचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही पाण्याबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं, "पितोय हो, पण जातच नाही." आणि मग तोच माणूस पंधरा दिवसांनी सलाईन लावून घेऊन येतो, दोन दिवस एकदम ताजातवाना, आणि आठवडा गेला की परत उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, तोंडाला कोरड, लघवी दिवसातून दोनदा नि तीही गडद. परत सलाईन. ऑपरेशननंतर महिनाभरात परत हॉस्पिटलची पायरी चढायला लावणाऱ्या कारणांमध्ये पाणी कमी पडणं अगदी वरच्या नंबरात आहे, त्यामुळे हे फक्त तुमचंच रडगाणं आहे असं समजू नका. मी स्वतः स्लीव्हवाली (पोटाचा बराच भाग काढून नळीसारखं पोट ठेवतात ते), आमचे भावजी बायपासवाले (हृदयाचं नव्हे, पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात ते), आणि सर्जनच्या पेशंट मीटिंगला जाऊन जाऊन एवढं पक्कं कळलंय की "जास्त पाणी प्या" हा सल्ला काही कामाचा नाही, कारण पाणी न जाण्याची कारणं चार-पाच वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आधी आपलं कुठलं ते बघायचं.

पण त्याच्याही आधी एक. खालच्यापैकी काही होत असेल तर पुढचं वाचत बसू नका, सरळ सर्जनला फोन करा, फोन नाही लागला तर कॅज्युअल्टी गाठा: साधं पाणीसुद्धा उलटून पडतंय, आठ-दहा तासांत लघवीच नाही, ताप आहे, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखतंय, बसल्या जागी नाडी १२० च्या वर राहतेय, उभं राहिलं की तोल जातो. नाडी वाढणं फक्त पाणी कमी पडल्यानेही होतं, पण ऑपरेशनच्या पहिल्या काही आठवड्यांत ते टाक्यातून गळती असल्याचंही लक्षण असू शकतं आणि यातलं काय आहे ते घरी बसून कळत नाही. दुसरं म्हणजे बायपासवाल्यांना महिना-दोन महिन्यांनी जोडाची जागा आकसून अरुंद होऊ शकते, स्लीव्हमध्येही नळी मध्येच अडू शकते. तिथे आधी जेवण अडतं, मग खिमट, मग पाणी. असं पायरी पायरीने वाईट होत चाललंय असं वाटलं तर ते युक्त्यांनी सुटणारं काम नाही, दुर्बिणीने बघावं लागतं.

हे काही नाही, नुसतं पाणी पुरत नाही, अशांसाठी पुढचं.

वेळच उरत नाही

हे सगळ्यात जास्त लोकांचं कारण आणि हेच कुणाच्या लक्षात येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं, दिवसाला दीड ते दोन लिटर. माणूस हिशोब करतो की सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे १६ तास, दीड लिटर म्हणजे तासाला शंभर मिली पण नाही, त्यात काय. आता खरा हिशोब बघा. त्याच कागदावर असंही लिहिलेलं असतं की जेवणाबरोबर पाणी नाही, आधी पंधरा मिनिटं नाही, नंतर अर्धा तास नाही, आणि थोडं थोडं पाच वेळा खा, सावकाश चावून. एक खाणं म्हणजे आधीची १५ मिनिटं, खायला अर्धा तास, नंतरचा अर्धा तास, झाला सव्वा तास. पाच खाणी म्हणजे सव्वासहा तास गेले. उरले पावणेदहा. त्यातून आंघोळ, दुपारची झोप, ऑफिसला जायचा-यायचा प्रवास, एखादी मीटिंग काढा, हातात सात तास राहतात. म्हणजे तासाला दोनशे मिलीच्या वर प्यायला हवं आणि एका वेळी जातात दोन-तीन घोट. गणितच बसत नाही, त्यात तुमची काय चूक.

म्हणूनच हा त्रास हॉस्पिटलमधून घरी आल्या आल्या नसतो, महिन्या-दीड महिन्याने सुरू होतो. पहिले काही आठवडे सगळंच पातळ असतं, कढण, ताक, प्रोटीन शेक, सगळं पाण्यात मोजलं जातं आणि कसली गॅप पाळायची नसते. घट्ट खाणं सुरू झालं की एकीकडे हे पातळ बंद होतं, दुसरीकडे गॅप सुरू होतात. शिवाय आधी जेवणातूनच किती पाणी पोटात जायचं, आमटी, भाज्या, काकडी, कलिंगड. साधारण आपल्या रोजच्या पाण्याचा पाचवा हिस्सा खाण्यातून येतो असं धरतात, आता खाणंच चार-पाच चमचे म्हटल्यावर तेही गेलं. घरच्यांना वाटतं आता तर बरी झाली, जेवायला पण लागली, आणि नेमकी तेव्हाच चक्कर.

उपाय दोन-तीन आहेत. एक, पाच खाण्यांपैकी दोन परत पातळ करा, अकराचं आणि संध्याकाळचं. पोहे-उपमा दोन चमचे खाऊन सव्वा तास घालवण्यापेक्षा प्रोटीन शेक नाहीतर मुगाचं गाळलेलं कढण घ्या, ते पाण्यातही मोजलं जातं, शेकमुळे प्रोटीनही आलं (रोजचं ६० ग्रॅमच्या आसपास गाठायचंच असतं), आणि अडीच तास सुटले. एवढ्या एका बदलाने बऱ्याच जणांचं काम होतं. हे डायटिशियनला विचारून करा पण विचारा नक्की, कारण त्यांच्या छापील चार्टात हे नसतं. दोन, जेवणाआधीची गॅप खरंच किती पाळायची ते आपल्या टीमला विचारा, काही जण पंधरा मिनिटं सांगतात, काही अर्धा तास, आणि काही सर्जन सांगतात की जेवायला बसेपर्यंत पाणी प्यायलं तरी चालेल कारण पाणी पोटात थांबत नाही, पुढे सरकतं. नंतरची अर्ध्या तासाची गॅप मात्र बहुतेक सगळेच पाळायला सांगतात, तिच्यात कंजूषी नको. तीन, सकाळचे पहिले दोन तास. उठल्यापासून नाश्त्यापर्यंत मध्ये काही येत नाही, तिथे तीन-चारशे मिली निघतात, पण लोक ते फोन बघण्यात आणि चहाची वाट बघण्यात घालवतात. यावरून आठवलं, ते फॅमिली ग्रुपवर येतं ना, पहाटे उठल्याबरोबर एक लिटर पाणी एका दमात, तांब्याच्या भांड्यातलं, ते आपल्यासाठी नाही. कोणी प्रेमाने पाठवलं तर हात जोडायचे आणि पुढे जायचं.

जातं पण छातीत अडकतं

यात दोष पाण्याचा नसतो, पिण्याच्या पद्धतीचा असतो. आपल्याकडे पाणी वरून प्यायची सवय, बाटलीला तोंड लावायचं नाही, मान मागे टाकायची आणि धार सोडायची. लहानपणापासून उष्टं नको म्हणून हेच शिकवलंय. पण वरून पिताना एक घोट म्हणून घेता येत नाही, गटगट जातं आणि पाण्याबरोबर बरीच हवा जाते. बायपासनंतरची पिशवी असते ३० मिलीच्या आसपास, स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त काढलेला असतो आणि उरलेली नळी शंभर-दीडशे मिलीची, ती पण सुरुवातीला आतून सुजलेली. त्यात हवा आणि पाणी एकदम आलं की जाणार कुठं. आमचे भावजी फ्रिजसमोर उभं राहून असेच प्यायचे, आणि मग छातीच्या मधोमध हात धरून ओट्याला टेकायचे, बोलता यायचं नाही, तोंडात पातळ लाळ भरून यायची आणि बेसिनमध्ये नुसता पांढरा फेस. उलटी नाही, अन्न नाही, फेस. वहिनी घाबरून पाठीवरून हात फिरवत "अहो अजून एक घोट घ्या, खाली उतरेल" म्हणायची, आणि तो एक घोट अजून फेस आणायचा. अशा वेळी वरून काहीही ढकलायचं नाही. ताठ बसायचं किंवा हळूहळू फेऱ्या मारायच्या, पाच-दहा मिनिटांत आपोआप सुटतं, मग परत अगदी चमचाभर.

त्यांना फरक पडला तो बाटली बंद करून. स्टीलचं छोटं फुलपात्र घ्या, नाहीतर खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं झाकण येतं ते. सुरुवातीच्या दिवसांत ३० मिली पंधरा मिनिटांत असं माप बहुतेक ठिकाणी देतात, म्हणजे तासाला १२०. ओठ लावून, छोटा घोट, तोंडात क्षणभर धरून मग गिळायचा. स्ट्रॉ सर्जनला विचारून, काहींना चालते, काहींना तिच्यामुळेच हवा जाते. सोडा, कोल्ड्रिंक, जिरा सोडा, फसफसणारं काहीही नको. "गॅस मोकळा होईल" म्हणून घरात कुणीतरी हमखास फळमीठ आणून देतं, ते पण नको. जसजसे महिने जातात तसा घोट मोठा होतो, सहा महिन्यांनी बरेच जण नीट फुलपात्रभर पिऊ शकतात, पण वरून पिणं मात्र सोडलेलंच बरं.

पाणी समोर आलं की नकोसं वाटतं

हे नखरे नाहीत. ऑपरेशननंतर चव बदलते, साधं पाणी काहींना जड लागतं, काहींना धातूसारखं, आणि तहानेची जाणीवही नीट राहत नाही, त्यामुळे तहान लागली की पिऊ म्हणणारा माणूस कोरडाच राहतो. वर पाणी कमी पडलं की मळमळ होते, आणि मळमळलं की पाणी आणखी नको होतं, असं ते चक्र. ते मोडायला आधी तापमान बदलून बघा. कोमट, माठातलं, फ्रिजचं, बर्फाचा खडा चघळणं, यातलं एक तरी जमतंच, मला कोमट सोडून काही चालायचं नाही आणि आता गारच लागतं. मग चव. धने-जिऱ्याचं पाणी, तुळशीची पानं घातलेलं, लिंबाचे चार थेंब नि मीठ, बिनसाखरेचं कोकम आगळ भरपूर पाणी घालून. ताक तर आपल्यासाठी वरदान, पण पातळ, लोणी काढलेलं, हिंग-जिरं-मीठ लावून. ज्यांना नुसतं दूध आता पचत नाही त्यांनाही ताक बहुतेक चालतं. तिखट मिरचीचा मठ्ठा सुरुवातीला नको. भाताची वरची निवळ पेज चालते, वरणाच्या वरचं पाणी चालतं. चहा-कॉफीबद्दल टीम सांगेल, बऱ्याच ठिकाणी पहिला महिनाभर तरी बंद असतं.

साखरेचं मात्र जपा. उसाचा रस, पन्हं, कोकम सरबत, डब्यातला ज्यूस, असं गोड पाणी आता पोटात न थांबता सरळ आतड्यात उतरतं, अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा आणि पातळ जुलाब, म्हणजे प्यायलं त्याहून जास्त बाहेर गेलं. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. शहाळं चांगलं, पण त्यातही साखर असतेच, तेव्हा अख्खं एकदम न घेता घोट घोट, दुपारभर. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर शहाळं रोज चालेल का ते विचारा, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

ओआरएसबद्दल फार गोंधळ आहे म्हणून जरा सविस्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याच्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे फुलपात्रभर घेतलं तर जेमतेम अडीच ग्रॅम, ते आपल्याला सहसा बाधत नाही. पण दुकानात "ओआरएस द्या" म्हटलं की बरेचदा हातात यायचा तो सफरचंद-संत्र्याच्या चवीचा टेट्रापॅक, त्यात साखर याच्या कितीतरी पट. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांवर ओआरएस हे नाव लावायला बंदी घातली, तरी दुकानदार आणि आपण, दोघांच्याही तोंडात तेच नाव बसलंय. तेव्हा केमिस्टकडून पावडरचं पाकीट, त्यावर फॉर्म्युला छापलेला बघून. आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, सगळं एकदम. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकायचं नाही, क्षारांचं प्रमाण बिघडतं. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकून द्यायचं. रोजच्या पाण्याऐवजी म्हणून पिऊ नका, उन्हातून आलात, जुलाब झाले, उलटी झाली अशा दिवसासाठी ते आहे.

पाणी पुरेसं जातंय तरी चक्कर

मग औषधांची पिशवी उपडी करा. वजन उतरायला लागलं की बीपी आपसूक खाली येतं आणि गोळी मात्र जुन्याच डोसची चालू असते. त्यातही गोळीच्या नावाच्या शेवटी एच असेल तर तो बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायाझाइडचा, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. शुगरवाल्यांनी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं शोधा, ती साखर लघवीतून काढतात आणि तिच्याबरोबर पाणीही जातं, आणि कमी खाणाऱ्या माणसात शुगर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा धोकादायक प्रकार, होऊ शकतो. ही औषधं ऑपरेशनच्या वेळी बंद करून नंतर जुन्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीवरून परत सुरू झालेली असतात, दोन डॉक्टर दोन टोकांना आणि मध्ये आपण. स्वतःच्या मनाने बंद करू नका पण आजच्या आज विचारा. घरी बीपीचं मशीन असेल तर झोपून एकदा मोजा, उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी परत मोजा, वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर तो कागदावर लिहून डॉक्टरला दाखवा. "चक्कर येते" म्हटल्यावर जेवढं लक्ष देतात त्यापेक्षा आकडा दाखवल्यावर जास्त देतात, हा माझा अनुभव.

अजून एक गंमत लघवीच्या रंगाची. सगळे सांगतात रंग बघा, पण आपण रोज मल्टिव्हिटॅमिन घेतो आणि त्यातल्या बी-टू मुळे गोळीनंतर काही तास लघवी हळदीसारखी झगझगीत पिवळी होते, पाणी कितीही प्या. आमच्यातल्या एक काकू या रंगाला घाबरून रात्री झोपेतून उठून पाणी पीत होत्या. तेव्हा रंग गोळीच्या आधी बघा, आणि रंगापेक्षा किती वेळा नि किती होते ते बघा. चहासारखी गडद, थोडी, उग्र वासाची असेल तर ते पाणीच कमी आहे. संडासला खडा होणं हेही त्याच यादीत, फक्त लोहाच्या गोळीच्या माथी मारू नका.

सलाईन लावायची वेळ आलीच तर

दिवसेंदिवस उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-वन, म्हणजे थायमिन, संपत येतं. त्या अवस्थेत ग्लुकोजची सलाईन आधी चढवली तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना झोक जातो, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. म्हणून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. गावाकडच्या छोट्या दवाखान्यात किंवा रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला तुमचं कुठलं ऑपरेशन झालंय हे माहीत असण्याचं कारण नाही, पोटावर तर चार-पाच छोटे व्रण फक्त. तेव्हा पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन, "ग्लुकोजआधी थायमिन द्यावं", आणि "आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं सर्जनला विचारल्याशिवाय नकोत", कारण बायपासवाल्यांना त्यांनी अल्सर होतो. सोबत येणाऱ्या माणसालाही हे तोंडपाठ पाहिजे, पेशंट स्वतः तेव्हा सांगण्याच्या अवस्थेत नसतो.

घराबाहेर पडल्यावर

सगळं घरी जमतं आणि ऑफिस सुरू झालं की बिघडतं, विशेषतः बायकांचं, आणि याचं कारण पोट नाही, संडास आहे. एसटी स्टँडवर, शाळेत, फिल्डवरच्या कामात जायला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही ही सवय आपल्याला पंधराव्या वर्षापासून आहे. आता ती परवडत नाही, बायपासनंतर लघवीत ऑक्झलेट, म्हणजे ज्याचे खडे बनतात तो क्षार, वाढतो आणि पाणी कमी पडलं की मुतखडे होतात. जिथे स्वच्छ सोय आहे ती ठिकाणं वाटेत हेरून ठेवा, पेट्रोल पंप, मॉल, बँकेतली ओळख, आणि पाण्याचा मोठा भाग सकाळी निघायच्या तास-दीड तास आधी नि संध्याकाळी परत आल्यावर असा वाटून घ्या, मधल्या वेळात थोडं थोडं. नागपूर-चंद्रपूरकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दीड लिटरचा आकडा विसरा, तिकडे जास्तच लागतं, किती ते आपल्या टीमला विचारून घ्या. हार्ट किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय वाढवूच नये.

उपवासांचं एक राहिलं. एकादशीला पाणी, ताक, शहाळं चालतं, त्यामुळे ती निभते, साबुदाण्याचं काय ते डायटिशियनशी भांडा. पण हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या खूप आहेत, ऑपरेशननंतरच्या पहिल्याच वर्षीसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी ऐन गणपतीत सलाईन. ज्याला दिवसभर पिऊनही जेमतेम पुरतं त्याच्या शरीरात एका दिवसाची शिल्लक नसते. आमच्या सासूबाईंना सांगायला जरा धीर गोळा करावा लागला, पण त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला कसला गं निर्जळी उपास, तू पाणी पी, तुझी पूजा मी करते." रमजानचे रोजे असतील तर तेही सर्जनशी महिनाभर आधी बोलून ठरवा.